तीन बेस आणि एक होम

पुढे जे घडलं त्यात तुमचा अधिकार काय, असं हुबळीत मला बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. अमेरिका माझ्याकडे आहे. म्हणजे इंग्रजी चौथीला भूगोलात अमेरिका मी शिकवतो. रॉकी पर्वतापासून मिसिसिपीपर्यंत माझ्या परवानगीशिवाय वर्गात पान हलत नाही.

दाजीबानपेठेत वेंकटेशअण्णाचं कापडाचं दुकान आहे. दुकानापुढे एक लांब बाक आहे आणि संध्याकाळी त्यावर आमची बैठक बसते. विषय एकच, क्रिकेट. आमच्यापैकी कुणी गेल्या वीस वर्षांत बॅट हातात धरलेली नाही, त्यामुळे चर्चेला खोली असते. बाकाच्या डाव्या टोकाला खांब आहे. त्या खांबाला पाठ टेकून बसायची जागा माझी. घरी माझं कुणी ऐकत नाही. शाळेत ऐकतात, पण त्यांना दुसरा इलाज नसतो. आपखुशीने चार माणसं माझं बोलणं ऐकतात अशी पृथ्वीवर ती एकच जागा.

आणि त्या जागेवर प्रभंजनराव वकिलांचा डोळा होता.

प्रभंजनरावांना क्रिकेटमधलं सगळं पाठ. कोर्टात अशिलाचं नाव विसरतील, पण नायडूंनी एमसीसीला मारलेले अकरा षटकार क्रमाने सांगतील. तो चव्वेचाळीस सालचा हिवाळा. पंचरंगी सामन्यात हजारेंनी तीनशे नऊ काढले होते, ते बाकावर अजून ताजे होते.

"मास्तर," प्रभंजनराव म्हणाले, "हजारे आणि त्यांचा भाऊ, दोघांनी मिळून तीनशेची जोडी जमवली. त्यात भावाच्या किती?"

मी खांबाला जरा जास्त टेकून म्हणालो, "असतील साठेक."

"एकवीस!"

हा आकडा त्यांनी असा उच्चारला की रस्त्यावरून जाणारा टांगा थांबला. वेंकटेशअण्णा गजाने कापड मोजत होता, तोही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं, कारण बाक त्याचा.

मी फुटाण्याची पुडी घेऊन घरी आलो. युद्धामुळे कागद मिळत नव्हता. फुटाणेवाला हाताला येईल त्या कागदात फुटाणे बांधायचा. ही पुडी म्हणजे कुठल्या तरी अमेरिकन मासिकाचं पान होतं, स्टेशनावर सोल्जरांच्या गाडीतून पडलं असावं. मी ते सोडवून वाचायला लागलो, आणि फुटाणे इंदुमतीने खाल्ले. इंदुमती माझी पत्नी.

पानावर बेसबॉल नावाच्या खेळाचा इतिहास होता. कुणी किती मारले, कुणी कुणाला विकलं, कोण कधी रडलं, सगळं होतं. फक्त खेळ खेळतात कसा, ते नव्हतं. एक चित्र होतं. शंकरपाळ्यासारखं मैदान, तीन कोपऱ्यांवर आकडे घालून बेस असं लिहिलेलं, चौथ्यावर होम, आणि इकडेतिकडे उभी नऊ माणसं. बाकीचा भाग तेलाने गेला होता.

पण बाकावर बसायला खेळ यावा लागतो कुठे?

दुसऱ्या दिवशी मी खांबाला टेकलो आणि शांतपणे विचारलं, "एका मोसमात साठ होम-रन कुणी केले?"

बाक गप्प झाला. इतकी सुंदर शांतता मी वर्गातही ऐकलेली नाही.

"बेब रूथ," मी सांगितलं. "सत्तावीस साली. बेसबॉल."

"म्हणजे बासेल मिशनच्या शाळेत खेळतात तो का?" वेंकटेशअण्णाने विचारलं.

"बासेल नव्हे अण्णा, बेस. अमेरिकेतला खेळ. या बेब रूथला आधी बॉस्टनवाल्यांनी न्यूयॉर्कला विकला."

"माणूस विकला?"

"खेळाडू विकतात तिकडे."

"बायकोपोरांसकट?"

हे पानावर नव्हतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "तो भाग गुंतागुंतीचा आहे." मग मी त्यांना त्या खेळाच्या जन्माची हकिकत सांगितली. खेळ कुणी काढला हे ठरवायला अमेरिकेत वडीलधाऱ्या मंडळींची एक समिती नेमली. समितीने एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबून एका सेनापतीला मान दिला. पुढे निघालं की ज्या साली, ज्या गावात त्याने खेळ काढला म्हणतात, त्या साली तो तिथे नव्हताच. लष्करी शाळेत शिकत होता.

"अगदी आपल्या म्युनिसिपालिटीसारखं," वेंकटेशअण्णा म्हणाला. त्याला खेळ आवडायला लागला होता.

चार संध्याकाळी मी बाकावर राज्य केलं. पाचव्या दिवशी प्रभंजनरावांनी पान थुंकलं, धोतराने तोंड पुसलं आणि उलटतपासणीचा आवाज काढला.

"मास्तर, हा खेळ खेळतात कसा?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस उठतो, मग काय करतो?"

"पळतो."

"कशाला?"

"होमकडे."

"मास्तर, असा खेळच नाही. तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसताय. युगादीच्या आत खेळून दाखवा. हा खेळ आहे असं ठरलं तर मी आयुष्यात तुम्हाला आकडा विचारणार नाही. नाही ठरलं, तर ती खांबाची जागा सोडायची. बाकावरच यायचं नाही."

वेंकटेशअण्णाने गज खाली ठेवला. "कबूल, मास्तर?"

मी मागे हात नेऊन खांब चाचपला. "कबूल," म्हणालो.

आता बॅट हवी. चित्रातली बॅट गोल, वर जाड आणि खाली निमुळती होती. कमरीपेठेतल्या सुताराला मी ती हवेत काढून दाखवली. तो म्हणाला, "मास्तर, हे मुसळ की हो." मी रागावून बाहेर पडलो आणि शेजारच्या हेमावती अक्कांकडे जाऊन मुसळ मागितलं.

हेमावती अक्का आमच्या आळीच्या वडीलधाऱ्या. "एन्री मास्तर, मुसळ कशाला?"

"अमेरिकेतला खेळ आहे, अक्का. शेवटी होम असतो."

मी हे का बोललो ते देव जाणे. अक्कांनी मुसळ दिलं, धुऊन परत आणायला सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत आळीभर केलं की मास्तर होम करणार.

मैदान कमरीपेठेमागचं, म्युनिसिपालिटीचं. परवाना लागणार. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.

"उद्देश?"

"खेळ. बेसबॉल."

त्याने बरीच पानं उलटली. "सभा आहे, मिरवणूक आहे, कुस्ती आहे, लग्नाचा मांडव आहे, धार्मिक विधी आहे. बेसबॉल नाही."

"क्रिकेटला काय करता?"

"क्रिकेटला परवाना लागत नाही."

"मग बेसबॉलला?"

"लागतो की नाही हे मला माहीत नाही. म्हणून लागतो." सरकारी नोकरीत हे वाक्य सुचायला वय जावं लागतं. "या खेळात करतात काय?"

मी चित्र पुढे केलं. तो बोट फिरवत वाचू लागला. "बेस... बेस... बेस... होम. होम! मास्तर, हे आधी सांगायचं नाही का?"

मी तोंड उघडेपर्यंत शिक्का उमटला होता. धार्मिक विधी. अटी दोन. पाण्याची पखाल हजर हवी. आणि होम यथासांग न झाल्यास परवाना रद्द समजून कारवाई होईल.

"ही कसली अट?"

"दिवस कसले आहेत, मास्तर? लोक होमाच्या नावाखाली सभा भरवतात. मी स्वतः बघायला येणार."

अशा रीतीने एका बाजूला वकील म्हणत होता, खेळ नसेल तर जागा गेली. दुसऱ्या बाजूला सरकार म्हणत होतं, होम नसेल तर तुम्ही गेलात. मध्ये मी आणि ते मुसळ.

होमाला भटजी हवा. भीमसेनाचार्य आमच्या मागल्या घरात राहतात. मी त्यांना सगळं खरं खरं सांगायचं ठरवून गेलो. पण खरं सांगायचं म्हणजे कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि मी बेब रूथपासून केली.

"एका मोसमात साठ होम?" आचार्यांनी जपाची माळ थांबवली. "ऋत्विज किती?"

"नऊ दिसतात, आचार्य. चित्रात."

"नवग्रहांना एकेक. बरोबर आहे. आणि एकूण?"

"सातशे चौदा."

आचार्यांनी माळ खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत एवढे झाले नाहीत. नाव काय म्हणालात? रुद्र?"

"रूथ."

"रुद्र. म्हणजे शैव. असू दे. अमेरिका कुठल्या दिशेला?"

हा माझा विषय. "दोन्ही दिशांना, आचार्य. पृथ्वी गोल आहे. पूर्वेनेही लागते, पश्चिमेनेही."

आचार्यांनी पूर्वेला नमस्कार केला, मग वळून पश्चिमेला केला. आता या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

"बॉस्टनवाल्यांनी त्याला विकला," मी तरी पण म्हणालो. "तेव्हापासून त्यांना एकदाही विजेतेपद नाही."

"होम करणारा माणूस विकल्यावर दुसरं काय होणार?" आचार्य म्हणाले. बाकावर या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर कुणालाच सुचलं नव्हतं.

एकाच गोष्टीवर ते अडले. चित्रातल्या आकड्यांवरून दिसत होतं की अमेरिकेत खेळाडू डावीकडे वळत वळत पळतात. "ही उलटी प्रदक्षिणा झाली," आचार्य म्हणाले. "अग्नीभोवती नाही चालायची. सुलटं पळा." मी कबूल केलं. मोठ्या खेळात स्थानिक फेरफार होतातच.

रविवारी सकाळी मी मैदानावर पोचलो तर जत्रा भरलेली. तूप कुठेच मिळत नव्हतं, म्हणून हेमावती अक्कांनी घरोघर फिरून पळी पळी गोळा केलं होतं. आता ज्याची ज्याची पळी त्यात, तो तो सहकुटुंब हजर. नारळांचा ढीग लागला होता. अळणावरहून आलेल्या लाकडांच्या ढलप्या वेंकटेशअण्णाने आणल्या होत्या, आणि पंचही तोच होता. पखालवाला झाडाखाली, कारकून खुर्चीवर. चौथ्या कोपऱ्यात विटांचं कुंड रचून आचार्यांनी अग्नी पेटवला होता. बेस म्हणून मी तीन कोपऱ्यांवर तीन पाट मांडले, ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर खडूने ‘बेस’ लिहिलं, आणि मुसळ आणायला गेलो.

तीच चूक झाली.

परत येऊन मी उंच आवाजात नियम सांगितला. "मारणाऱ्याने तिन्ही बेसना हात लावून होमला यायचं. एक जरी बेस राहिला, किंवा आधी चेंडू होमला पोचला, तर बाद." हा नियम पानावर नव्हता, माझा होता. नियमाशिवाय खेळाला वजन येत नाही.

प्रभंजनराव मधोमध जुना टेनिसचा चेंडू घेऊन उभे राहिले. मी होमापुढे मुसळ धरून उभा राहिलो. पाठीशी अग्नी, नाकात धूर, डोळ्यांत पाणी. मागून आचार्य मंत्र म्हणत होते. प्रभंजनरावांनी कोर्टात अर्ज फेकतात तसा चेंडू फेकला. मला तो दिसलाच नाही. मी मुसळ फिरवलं आणि हाताला झिणझिण्या आल्या.

चेंडू उडाला आणि नारळांच्या ढिगात जाऊन पडला.

"पळा मास्तर!" वेंकटेशअण्णा ओरडला. पंच असून ओरडला, हे मी विसरलेलो नाही. प्रभंजनराव ढिगावर पडले आणि एकेक नारळ बाजूला फेकू लागले.

मी धोतर सावरून पहिल्या बेसवर पोचलो. पाटावर हेमावती अक्का मांडी घालून बसल्या होत्या.

"अक्का, उठा!"

"का? कूडरी अंत बरदारल्ला!" बसा असं लिहिलंय ना, हे त्यांनी मलाच ऐकवलं. "तुमच्या इंदुमतीने वाचून दाखवलं. बैस म्हणून."

मी पाटाकडे पाहिलं. हुबळीत बेस आणि बैस यांत फरक एका मात्रेचा, आणि समोर रिकामा पाट दिसला की तोही उरत नाही. लाकूड दिसत होतं ते फक्त अक्कांच्या पावलांपुढे, दोन बोटं. वाद घालायला वेळ नव्हता. मी वाकून तिथे हात लावला.

"शंभर वर्षं जगा," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या पाटावर प्रभंजनरावांचेच वृद्ध सासरे. पुन्हा वाकलो. "कल्याणमस्तु," ते म्हणाले. आपण जावयाविरुद्ध आशीर्वाद देतोय, हे त्यांना कळलं नसावं. किंवा कळलंही असेल. लोक कौतुकाने बघत होते. काय मास्तरांचं वळण, होमाआधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करताहेत!

मग मी तिसऱ्याकडे वळलो.

तिसऱ्या पाटावर, आचार्यांनी यजमानीण म्हणून सन्मानाने बसवलेली, हिरव्या इरकलीत, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, इंदुमती बसली होती.

"ऊठ," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"का म्हणून? आचार्यांनी बसवलंय."

"हा तिसरा बेस आहे!"

"मग बसलेच आहे की!"

"इंदुमती, तो चेंडू सापडेल आता."

"सापडू दे. होम चालू असताना यजमानीण उठत नाही. जा तुम्ही, खेळा."

नारळ उडत होते. ढीग कमी होत होता. अख्खी हुबळी बघत होती. माझे विद्यार्थी होते, त्यांचे बाप होते, हेडमास्तर होते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि या बाईपुढे मी कशासाठीच वाकलो नव्हतो. म्हणजे चारचौघांत नव्हतो. मी एकदा तिच्या पावलांकडे पाहिलं. मग दाजीबानपेठेतला तो खांब डोळ्यांसमोर आला, आणि त्याला टेकून बसलेले प्रभंजनराव.

"सापडला!" मागून आरोळी आली.

मी वाकलो. नीट वाकलो. हात लाकडाला लागला, तिच्या जोडव्यांना लागला, आणि मैदानावर अशी शांतता पसरली की ढलप्यांचा तडतडाट ऐकू आला.

"अय्यो देवरे!" हेमावती अक्का म्हणाल्या.

इंदुमतीने फक्त पदर जरा सारखा केला.

मी उठून होमाकडे धावलो. मी पोचताच आचार्यांनी माझ्या हातात तुपाची पळी दिली, कारण त्यांच्या हिशोबाने मी अगदी वेळेवर आलो होतो. त्याच क्षणी माझ्या कानावरून चेंडू सूं करत गेला आणि थेट कुंडात पडला. "स्वाहा," आचार्य सवयीने म्हणाले. रबराचा काळा धूर निघाला. मीही पळी ओतली.

"संपन्न झाला," कारकून खुर्चीवरून उठला. "उत्तम होम. मी तसं लिहितो."

"लिहा!" प्रभंजनराव धापा टाकत आले. अंगभर नारळाची शेंडी. "होम होता असंच लिहा. वडीलधाऱ्यांना नमस्कार झाला, प्रदक्षिणा झाली, आहुती झाली. यात खेळ कुठला? मास्तर, जागा सोडा."

"नाही, हा खेळच..." मी म्हणालो.

"खेळ?" कारकुनाने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "मग परवाना रद्द. कारवाई."

मी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. खेळ म्हणावं तर तुरुंग, होम म्हणावं तर बाक गेला. शेवटी वेंकटेशअण्णा पुढे आला. त्याने आचार्यांना हात जोडले.

"आचार्य, एकच सांगा. होमात यजमानाने पत्नीच्या पाया पडायचा विधी कुठे आहे?"

आचार्यांनी डोळे मिटले. सगळी शास्त्रं डोक्यात एकदा फिरवून आणली. डोळे उघडले. "कुठेच नाही."

"कधीच नाही?"

"मी तरी पाहिला नाही."

"मग मास्तर पडले कशासाठी?"

सगळी हुबळी प्रभंजनरावांकडे बघू लागली. वकिलांनी अंगावरची शेंडी झटकली, इंदुमतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"नियमासाठी," ते शेवटी म्हणाले. "बेस राहिला असता तर बाद झाले असते." मग घसा खाकरून ते कारकुनाकडे वळले, आणि अशिलासाठी काढतात तो आवाज त्यांनी माझ्यासाठी काढला. "परवान्यात होम झाला पाहिजे एवढंच आहे. आणखी काही होऊ नये असं कुठे आहे? पहिला बेस, दुसरा बेस आणि आहुती मिळून होम झाला. यथासांग. तिसरा बेस हा खेळ. तो मध्येच आणि थोडा वेळ झाला. सरकारला त्याच्याशी कर्तव्य नाही."

कारकुनाने विचार केला आणि प्रसाद मागितला.

घरी जाताना इंदुमती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. नेहमी ती मागे असते. मुसळ माझ्याच खांद्यावर होतं.

सोमवारी मी बाकावर जावं की नाही, हे ठरेना. जिंकलो होतो हे खरं. पण तिथल्या चार माणसांनी मला जे करताना पाहिलं होतं, त्यानंतर त्यांच्यासमोर खांबाला टेकायचं कसं? दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. इंदुमती स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा की. साठवाला कोण तो, त्याचं पुढे काय झालं ते सांगा त्यांना." अठरा वर्षांत तिने माझ्या बोलण्यातलं काही ऐकल्याचा हा पहिला पुरावा.

दाजीबानपेठेत पोचलो तेव्हा मंडळी जमली होती. प्रभंजनराव आपल्या नेहमीच्या जागी, उजव्या टोकाला. कुणी हसलं नाही. कुणी आकडा विचारला नाही. खांबाशेजारची जागा रिकामी होती आणि तिथल्या लाकडावर खडूने काहीतरी लिहिलं होतं. वकिलांच्या बोटांना पांढरं लागलं होतं.

मी मास्तर आहे. आधी शुद्धलेखन तपासलं. या वेळी दोन मात्रा होत्या.

बसलो.